'मंडळी', 'दरबार' आणि घर : टिळक दांपत्याच्या वाङ्मयातील श्रद्धा व समूहजीवन

१

अमरावतीच्या राजापेठेत एखाद्या घरी लग्नकार्य निघाले आणि यजमानाने 'मंडळी आली का?' असे विचारले, तर त्या प्रश्नातील 'मंडळी' या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून द्यावा लागत नाही. जी माणसे आपली आहेत, जी आल्याखेरीज कार्य सुरू व्हावयाचे नाही, ती मंडळी. व्याकरणदृष्ट्या हा शब्द स्त्रीलिंगी, एकवचनी आणि समूहवाचक आहे. 'मंडळी जमली' असे म्हणतात; 'दोन मंडळ्या जमल्या' असे नित्याच्या बोलण्यात सहसा येत नाही, कारण या शब्दाने सुचविलेला समूह मोजण्याचा नसून आपलेपणाने ओळखण्याचा असतो. जुन्या शिष्ट बोलण्यात याच शब्दाला आणखी एक अर्थ होता. गृहस्थ आपल्या पत्नीचे नाव न घेता तिचा उल्लेख 'मंडळी' असा करीत.

मराठी प्रॉटेस्टंट समाजाने 'चर्च' या कल्पनेसाठी हाच शब्द स्वीकारला. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया' हा होय. ग्रीक नगरराज्यात तो नागरिकांच्या सभेचा वाचक होता. त्याच्यासाठी 'सभा', 'समाज', 'संघ' असे पर्याय मराठीत उपलब्ध होतेच. वसईच्या कॅथॉलिक मराठीत 'ख्रिस्तसभा' हा शब्द रूढ आहे, आणि ज्या स्थानिक घटकाला इंग्रजीत 'पॅरिश' म्हणतात त्याला तेथे 'धर्मग्राम' म्हणतात. धर्मग्रामाची सीमा भूमीवर आखलेली असते, मंडळीची माणसांभोवती असते. मात्र घरगुती बोलीतून हा शब्द धर्मव्यवहारात गेला, तेव्हा त्यात एक लक्षणीय बदल झाला : तो मोजता येऊ लागला. बायबलच्या मराठीत आशियातील सात 'मंडळ्या' आहेत. नगर जिल्ह्यातील मंडळ्या, अकोला-अमरावती भागात अलायन्स मिशनच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या, असे अनेकवचन ख्रिस्ती मराठीत सहज वापरले जाते. जे मोजता येते त्याची नोंदवही असते, आणि नोंदवही आली की कोण आत आणि कोण बाहेर हा प्रश्न येतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या वाङ्मयाचे आजवरचे विवेचन बहुधा दोन दिशांनी झाले आहे. टिळक 'फुलांमुलांचे कवी' आणि ख्रिस्तभक्त अभंगकार म्हणून, तर लक्ष्मीबाई 'स्मृतिचित्रे' या असामान्य आत्मचरित्राच्या लेखिका म्हणून. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु श्रद्धा बदलल्यानंतर माणसाने कोणाबरोबर आणि कसे राहावे, या प्रश्नाची तीन भिन्न उत्तरे या दांपत्याच्या जीवनात आणि लेखनात सापडतात, तिकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. 'मंडळी', 'दरबार' आणि 'घर' या तीन शब्दांच्या आधारे ती उत्तरे तपासून पाहण्यासारखी आहेत.

२

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत ते गेले, त्या मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरात (आजचे अहिल्यानगर) १८३१ मध्ये सुरू झाले होते. १८४२ मध्ये सुरू झालेले 'ज्ञानोदय' हे त्याच मिशनचे पत्र. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे होते. या परंपरेत धर्माधिकाराचे केंद्र बिशपाकडे नसून स्थानिक उपासक-समूहाकडे असते. आपला पाळक निवडणे, सभासद घेणे, शिस्त लावणे ही कामे त्या समूहाने करावयाची असतात. म्हणजे 'मंडळी' हा शब्द येथे केवळ भाषांतरित नव्हता, तर धर्मसंस्थेच्या रचनेशी जुळणारा होता. तत्त्वतः तरी येथे माणसे आधी आणि अधिकारपद नंतर होते.

'पाळक' हा शब्दही विचारात घेण्याजोगा आहे. मराठी धर्मजीवनात 'गुरू', 'महाराज', 'स्वामी', 'बुवा' असे शब्द विपुल असताना या समाजाने 'पाळणे' या क्रियापदावरून आलेला, गुरेमेंढरे राखणाऱ्याची आठवण देणारा शब्द पत्करला. गुरूचे पाय धरावयाचे असतात. पाळकाने कळपामागे उन्हातान्हात हिंडावयाचे असते. या शब्दाने पदाला पूज्यतेऐवजी कर्तव्याचा रंग दिला.

ही तत्त्वाची बाजू झाली. व्यवहारात मात्र पैसा आणि अंतिम निर्णय दीर्घकाळ परदेशी मिशनच्या हाती राहिले. टिळकांना १९०४ मध्ये दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. परंतु वेतनावर चालणाऱ्या धर्मकार्याबद्दलची त्यांची अस्वस्थता वाढत गेली. दुसरी अडचण अधिक खोल होती. बाप्तिस्म्याने माणूस नव्या मंडळीत येत असे, परंतु त्याच क्षणी तो घरच्या मंडळीतून उठत असे. टिळकांच्या बाबतीत हे वाक्य शब्दशः खरे ठरले. १८९५ मध्ये त्यांनी जी मंडळी जोडली तिच्यामुळे त्यांची मंडळी, म्हणजे लक्ष्मीबाई, त्यांच्यापासून काही वर्षे दुरावली. मराठी भाषेने एकाच शब्दात ठेवलेले दोन अर्थ एका संसारात परस्परविरोधी झाले.

३

टिळकांनी या तुटलेपणावर पहिला उपाय शोधला तो भाषेत. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात या बाबतीत दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. गोव्यात १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्स यांनी ओवी आणि 'वैकुंठ' यांसारखे शब्द निःसंकोच स्वीकारले होते. याउलट पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक मुळांवरून केलेल्या, त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या भाषांतरात अगदी सामान्य स्त्रीपुरुषांना कळेल असे साधे मराठी योजण्याचा आग्रह होता, आणि त्याचबरोबर पूर्वधर्माचे अर्थ चिकटलेले शब्द टाळण्याची दक्षताही होती. टिळक निश्चितपणे पहिल्या प्रवाहातील होत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या त्यांच्या सुप्रसिद्ध उद्गाराचा आशय 'अभंगांजली'च्या रचनेतून प्रत्ययास येतो. अहमदनगरच्या कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन रूढ केलेच होते; टिळकांनी त्या वाटेला काव्याची प्रतिष्ठा दिली. मराठी मंडळ्यांत गायिल्या जाणाऱ्या 'उपासना संगीत' या संग्रहात त्यांच्या गीतांचा वाटा फार मोठा आहे.

दुसरा उपाय संस्थेचा होता. १९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून टिळकांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा तो बंधुसंघ होता. ज्याला मनाने ख्रिस्त मान्य आहे, पण जातकुळीचे नाते तोडवत नाही, त्यालाही येथे जागा होती. येथे 'मंडळी' हा शब्द टाकून टिळकांनी 'दरबार' हा शब्द निवडला, हे लक्षात घेतले पाहिजे. दरबाराला नोंदवही नसते. त्याला दरवाजा असतो, आणि फिर्याद घेऊन येणाऱ्या कोणालाही तो उघडा असावा अशी अपेक्षा असते.

या कल्पनेमागचा काळही ध्यानी घ्यावा लागतो. १८६७ मध्ये स्थापन झालेला मुंबईचा प्रार्थनासमाज, ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करून आलेल्या विठ्ठल रामजी शिंदे यांचा 'उदार धर्मा'चा विचार, आणि ख्रिस्त हा हिंदू धर्माच्या आकांक्षांची परिपूर्ती आहे, असे १९१३ मध्ये प्रतिपादन करणारा जे. एन. फर्कुहर यांचा ग्रंथ, हे सारे याच वातावरणातील. टिळकांच्याच वर्षी, १८६१ मध्ये, जन्मलेले बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय स्वतःस हिंदू-कॅथॉलिक म्हणवीत. त्यांना त्यांच्या धर्मसंस्थेचा विरोध सहन करावा लागला. टिळकांचा प्रयोग त्या मानाने अधिक व्यापक होता, कारण तो केवळ व्यक्तीच्या ओळखीपुरता नव्हता. समूह कसा बांधावा याचे उत्तर देण्याचा तो प्रयत्न होता.

४

'देवाचा दरबार' हा प्रयोग मंडळीपेक्षा अधिक उदार होता, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. सीमेच्या दृष्टीने ते खरे आहे. अंतर्गत रचनेच्या दृष्टीने मात्र ते तसेच खरे आहे असे म्हणता येत नाही. मंडळीची सीमा बाप्तिस्म्याने बंद होती. परंतु तत्त्वतः तिच्या आत सभासदांचा शब्द चालावयाचा होता आणि पाळक त्यांनी निवडावयाचा होता. दरबाराची सीमा खुली होती. परंतु दरबारात येणारे लोक दरबार चालवीत नसतात. येथे राजा देव होता हे खरे. तथापि बोलावणे टिळकांचे होते, भाषा टिळकांची होती आणि आकर्षणही टिळकांचेच होते. पाळकाच्या जागी पुन्हा गुरू आला. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्या मागे त्या संस्थेस पूर्वीचा जोम राहिला नाही. यास केवळ अल्पायुष्याचा योगायोग म्हणणे अपुरे आहे. उदारतेची दोन अंगे असतात : कोणाला आत घ्यावे याविषयीची उदारता आणि आत आल्यावर कोणाचा शब्द चालावा याविषयीची उदारता. मंडळीला दुसरी माहीत होती, दरबाराला पहिली. दोन्ही एकत्र आणणारी रचना मात्र घडली नाही.

वऱ्हाडातील वाचकास या प्रश्नाचे एक जुने रूप परिचित आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे आदिस्थान. गोविंदप्रभूंचे वास्तव्य तेथे होते, आणि चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी संकलित केल्या त्याही तेथेच. या पंथातही सर्वसंगपरित्याग केलेले भिक्षुक आणि घरसंसारात राहून श्रद्धा पाळणारे वासनिक असे दोन थर मान्य होते. टिळकांच्या दरबारातील बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले यांच्याशी या रचनेचे साम्य सहज दिसते. ते मर्यादितच आहे, कारण वासनिकाचे स्थान पंथाने निश्चित केलेले होते, तर बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्याचे स्थान दरबाराबाहेर कोणीच मान्य केलेले नव्हते.

भाषेच्या अंगाने हे साम्य अधिक बोधप्रद ठरते. चक्रधरांच्या पश्चात समूह सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी संस्कृतऐवजी मराठीचा आग्रह धरला, आणि त्याचे कारण पंथातील म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकतील असे दिले, ही हकिकत 'स्मृतिस्थळ' या ग्रंथामुळे ज्ञात आहे. पुढे याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडीपर्यंत, आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे व नागपूरचे ह. ना. नेने यांच्यासारखे अभ्यासक पुढे येईपर्यंत, हे वाङ्मय बाहेरच्या वाचकास जवळजवळ अज्ञात होते. म्हाताऱ्या बायांसाठी उघडलेली भाषा लिपीने पुन्हा मिटली. समूह भाषेने उघडतो तसा भाषेनेच बंद होतो, आणि तो उघडा राहावयाचा तर कोणीतरी सतत त्या म्हाताऱ्या बाईची आठवण ठेवावी लागते, हा त्याचा इत्यर्थ होय.

५

'स्मृतिस्थळा'शी नावाचे साम्य असलेल्या 'स्मृतिचित्रां'चे महत्त्व नेमके येथे आहे. हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. त्याची सहज बोली, विनोद आणि निखळ प्रांजळपणा यांची प्रशंसा पुष्कळ झाली आहे. परंतु हे गुण शैलीपुरते नाहीत. श्रद्धेविषयी सिद्धांताच्या भाषेत बोलण्यास येथे जणू जागाच ठेवलेली नाही. जे काही घडते ते पाणी, चूल, पंक्ती, पाहुणे आणि मुले यांच्या भाषेत घडते. ग्रंथाच्या आरंभी वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाच्या आठवणी आहेत. पती-पत्नी पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई आपले सोवळे सांभाळून वेगळा स्वयंपाक करतात, आणि ख्रिस्ती पती ते चालू देतो. पुढे जातिभेद देवाने नव्हे तर माणसांनी केला, असा विचार त्यांच्या मनात स्थिर होतो, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय त्या करतात. बाप्तिस्मा होतो तो त्यानंतर, १९०० मध्ये.

हा क्रम निर्णायक आहे. मिशनच्या दृष्टीने बाप्तिस्मा आधी आणि सहभोजन त्याचा परिणाम; टिळकांच्या दरबारात बाप्तिस्मा ऐच्छिक; 'स्मृतिचित्रां'त मात्र पंक्ती आधी आणि बाप्तिस्मा मागाहून. 'प्रभुभोजन' या विधीस ख्रिस्ती उपासनेत जे केंद्रस्थान आहे, त्याचा मराठी समाजातील खरा अर्थ लक्ष्मीबाईंना वेदीपाशी नव्हे, तर स्वयंपाकघरात उमगला. ज्या समाजात कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे हेच समाजरचनेचे व्याकरण आहे, तेथे एकत्र जेवणे ही श्रद्धेची खूण नसून श्रद्धाच आहे, असे या ग्रंथावरून म्हणावेसे वाटते.

लक्ष्मीबाईंचे घर ही या दृष्टीने तिसरी रचना ठरते. टिळकांच्या उदार स्वभावाने घरात माणसे येत राहतात, अनाथ मुले येतात, हातचे पैसे जातात; आलेल्यांचे करण्याचा भार मात्र लक्ष्मीबाईंवर पडतो. या ओढाताणीचे वर्णन त्या हसत करतात, तथापि त्या हसण्याखाली एक गंभीर टीका दडलेली आहे. पुरुषाची उदारता बहुधा निमंत्रण देण्यात असते, तिची किंमत मोजणे दुसऱ्याकडे असते. दरबाराचा दरवाजा उघडा ठेवता येतो, पण आत आलेल्यांसाठी भात कोणी शिजवावा हा प्रश्न दरबाराच्या संकल्पनेत उद्भवतच नाही. घरात तो रोज उद्भवतो. म्हणूनच घराची उदारता अधिक कष्टाची, अधिक तक्रारखोर आणि अधिक टिकाऊ असते. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. दरबार विरला, घराने हाती घेतलेले काम पुरे झाले.

६

या विवेचनावर एक महत्त्वाचा आक्षेप संभवतो, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या नगर भागातील मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार व मांग समाजांतून आलेली होती. ब्राह्मण कवीने अभंगाच्या वाटेने ख्रिस्ताकडे यावे, हे त्याच्या दृष्टीने परंपरेशी नाते राखणे होते. परंतु ज्यांना त्या परंपरेने देवळाबाहेर उभे केले, त्यांनी ते नाते का राखावे? परंपरेने ज्यांचे जन्मस्थान वऱ्हाडातील मेहुणा राजा मानले जाते त्या चोखामेळ्याची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर, मंदिराबाहेर आहे. त्या मंदिराचे दार अस्पृश्यांस उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. १९५६ मध्ये नागपुरास डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्याही एक प्रकारे जुन्या शब्दांशी असलेला संबंध स्पष्टपणे तोडण्यासाठीच. या बाजूने पाहता रमाबाईंची शब्दांविषयीची दक्षता संकुचित वाटत नाही, आणि 'बाप्तिस्मा' हा परका शब्द तसाच ठेवण्यातही एक स्वाभिमान दिसतो. कॅथॉलिक मराठीतील 'स्नानसंस्कार' अधिक परिचित खरा. परंतु तो परिचय सर्वांस सारखाच सुखद असेल असे नाही.

हा आक्षेप टिळकांच्या भाषिक उदारतेची मर्यादा दाखवितो. ती उदारता वरून खाली येणारी होती. जिच्याजवळ वारसा होता तिलाच तो पुढे नेण्याची मुभा होती. 'स्मृतिचित्रे'ही एका ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीनेच सांगितलेली कथा आहे, आणि तिच्या पंक्तीत शेजारी बसलेल्यांना त्या क्षणी काय वाटले हे तिच्यातून पुरते कळत नाही. मात्र लक्ष्मीबाईंच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की त्यांनी आपल्या परंपरेचा वारसा दुसऱ्यावर लादला नाही. त्यांनी आपल्याच परंपरेतील एक गोष्ट, सोवळे, खाली ठेवली. समूहात प्रवेश करणाऱ्याने काय आणावे यापेक्षा त्याने काय खाली ठेवावे, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. टिळकांच्या काव्याला जे साधले नाही ते या बाईंच्या गद्याने काही अंशी साधले, याचे कारण हेच.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली आणि अनेक प्रॉटेस्टंट परंपरा एका शिस्तीखाली आल्या. त्यानंतरही रविवारी एकत्र येणाऱ्या स्थानिक समूहाचे नाव मराठीत 'मंडळी' असेच राहिले. या मराठीचा अभ्यास मात्र अद्याप बहुतांशी ग्रंथांपुरता आहे. वऱ्हाडातील मंडळ्यांच्या उपासनेत, प्रार्थनेत, लग्न-मर्तिकाच्या बोलण्यात कोणते शब्द टिकले, कोणते गळाले, छापील बायबलची भाषा आणि घरची वऱ्हाडी यांची सांधेजोड तेथे कशी झाली, याचा शोध पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी घेण्यासारखा आहे. असा अभ्यास करताना शब्दाचा कोशगत अर्थ पुरेसा होणार नाही. तो शब्द उच्चारताना कोण कोणाला जागा करून देतो हेही नोंदवावे लागेल.

'वऱ्हाड' हा शब्द प्रांताचा वाचक आहे, तसाच लग्नास निघालेल्या माणसांचाही. शुभवर्तमानातील एका दाखल्यात निमंत्रित पाहुणे मेजवानीस येत नाहीत, तेव्हा यजमान रस्त्यावरच्या लोकांना आत बोलावून पंक्ती भरतो. त्या दाखल्याचे मराठी रूप अद्याप पुरते सिद्ध झालेले नाही. टिळकांनी बोलावणे पाठविले, लक्ष्मीबाईंनी पाने मांडली. 'मंडळी आली का?' या राजापेठेतील साध्या प्रश्नाला 'जे आले ते सर्व मंडळीच' असे उत्तर ज्या समूहाला देता येईल, त्याच्या भाषेत या शब्दाचे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र नांदतील.